समुद्रात गेलेली श्वासचिन्हं

व्होलोसच्या बंदरामागे आर्गिरिसकाकांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, कुणी गेलं की खांबावर चिकटवायचे कागद, सगळं ते हातानं शिशाचे खिळे जुळवून छापायचे. काम थांबवून वीस वर्षं झाली तरी दुकान त्यांनी विकलं नव्हतं. जुनी ग्रीक अक्षरं कॉम्प्युटरवर परत आणायची, हा माझा धंदा. काकांकडे एक गोलसर, किंचित तिरकं वळण होतं. तसं मला दुसरीकडे कुठेच सापडलं नव्हतं.

त्यांनी खण उघडून दिले. साधी अक्षरं सगळी होती, चिन्हांची मात्र गायब. पूर्वी आमच्या स्वरांवर नाना खुणा असत, आणि शब्द स्वरानं सुरू झाला की त्यावर श्वासचिन्ह: मऊ असेल तर तोंड डावीकडे, कठोर असेल तर उजवीकडे. ब्याऐंशी साली सरकारनं यातली जवळजवळ सगळी मोडीत काढली.

"चिन्हांचे खिळे कुठायत, काका?"

"खाडीत."

"म्हणजे?"

"वितळवून गळाची वजनं केली. बहुतेक दोऱ्या तुटून तळाला गेली. मग काय, देवळात नेऊन ठेवायची होती?"

"निदान त्या खिळ्यांनी छापलेलं काही असेल?"

"काही नाही," ते म्हणाले, जरा घाईनंच.

तेवढ्यात एरास्मियाकाकू कॉफी घेऊन आल्या. "असं कसं काही नाही? आपली लग्नपत्रिका आहे की."

"ती हरवली."

"माझ्या कपाटात आहे. सेहेचाळीस वर्षं जपून ठेवलीय, तुमच्याच भल्यासाठी."

काकू वर जाऊन पत्रिका घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवली. सुंदर होती. मी भिंग लावलं आणि तिसऱ्या ओळीवर थबकले. वधूच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर, एप्सिलॉनवर, मऊऐवजी कठोर श्वासचिन्ह होतं.

"दिसलं ना?" काकू म्हणाल्या. "माझे वडील शाळेत व्याकरण शिकवायचे. दीडशे पत्रिका वाटून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, या माणसाला माझ्या मुलीचं नाव येत नाही, मुलगी कशी देऊ?"

"नाव येत होतं," काका कपाकडे बघत म्हणाले.

"मग?"

काकांनी कप बशीत ठेवला. "मऊवाले मोठे एप्सिलॉन एका नाटकाच्या जुळवून ठेवलेल्या जाहिरातीत अडकले होते. ती जुळणी मोडली असती तर नाटकवाल्यानं गळा धरला असता. म्हटलं, एवढंसं चिन्ह कोण वाचतंय."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "हे मला आज सांगताय? बाबा मरेपर्यंत तुम्हाला अडाणी म्हणत होते."

"अडाणी म्हणाले ते चाललं. निष्काळजी म्हणाले असते तर तुला दिली नसती."

यावर काकूंना हसू आवरेना. काकांचे कान लाल झाले.

पत्रिकेतून मला अकरा चिन्हं मिळाली. उरलेली काकांनी आठवून पेन्सिलीनं काढून दिली. रोज सकाळी दहाला माझ्या खोलीवर येत, चष्मा कपाळावर चढवत आणि माझी चूक काढत. "या ओमेगाचं पोट सुटलंय. खरा असा नव्हता, उपाशी होता."

एके दिवशी मी पडद्यावर एप्सिलॉन घेतला, त्यावर मऊ चिन्ह बसवलं, मग कठोर, मग पुन्हा मऊ.

"आणखी हवे असतील तर?" त्यांनी विचारलं.

"हवे तेवढे."

"संपत नाहीत?"

"नाही, काका."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि स्वतः कळ दाबत राहिले. पडदाभर एप्सिलॉन झाले, सगळे मऊ चिन्हाचे. मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी विसळली.

वसंतात तो फाँट बाहेर पडला. पहिला ग्राहक कुणी प्रकाशक नव्हता. बंदरावरच्या, त्सिपुरो नावाची दारू पाजणाऱ्या दुकानदारानं तो नव्या पदार्थयादीसाठी घेतला. आम्ही तिघं तिथे गेलो. तळलेल्या कोळंब्या आल्या, ऑक्टोपस आला, बाटलीही आली. काका यादी डोळ्यांजवळ धरून बसले होते.

"कसा दिसतोय?" मी विचारलं.

"कोळंबीच्या ओळीत दोन अक्षरांमध्ये फट आहे. गाढव जाईल तिच्यातून."

"दुकानदाराची चूक आहे ती," मी म्हणाले.

"तर मग बोलाव त्याला," काका म्हणाले आणि बाह्या सरसावू लागले. काकूंनी त्यांच्या ताटात ऑक्टोपसचा मोठा तुकडा टाकला.