तळहातावरची वाइन

नाशिककडच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत रेवतीला नोकरी लागली होती. होकार उद्यापर्यंत कळवायचा होता, आणि आईचं पालुपद काही सुटत नव्हतं. "दारूच्या कारखान्यात पोरगी पाठवणार नाही मी."

रेवती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिनं वाद सोडला आणि बुलढाण्याहून धाड या आपल्या गावी घरी येताना दुकानातली सगळ्यात स्वस्त लाल वाइन आणली. तिथं आपण नेमकं काय करणार, ते आईला दाखवावं म्हणून.

जेवणं उरकल्यावर तिनं काचेच्या पेल्यात थोडी ओतली, उजेडात धरली, हुंगली, मग घोट तोंडात घोळवला.

"आंबट जास्त आहे. तुरटपणा हिरड्यांना धरतो. जांभळासारखा वास येते, पण मागून ओल्या गोणपाटाचाही येते. काहीतरी बिघडलं."

"बिघडलेलंच आहे त त्यात शिकाचं काय?" आई, शारदाबाई, म्हणाल्या.

"काऊन बिघडलं, ते शोधाचंच काम आहे आई."

वडील भालचंद्रराव पेपरामागून म्हणाले, "चाखून त पाह्य शारदा."

शारदाबाईंनी पेला बाजूला सारला. "पेल्यात नोको. पेल्यात घेतली म्हणजे पेली." त्यांनी उजवा हात पुढं केला. रेवतीनं तळहाताच्या खळग्यात चमच्यानं जराशी वाइन सोडली. त्यांनी ती ओढून घेतली, तोंड वाकडं केलं, आणि तीर्थ घेतल्यावर फिरवतात तसा ओला हात सवयीनं डोक्यावरून फिरवला.

मग भालचंद्रराव म्हणाले, "आता प्रदक्षिणाही घालून घे."

"गप बसा हो तुम्ही." शारदाबाईंना हसू आवरेना. पदरानं केस पुसता पुसता त्या लेकीकडं वळल्या. "तिथं पेवाच लागते काय?"

"नाही. तोंडात घोळवून थुंकायची. पीत बसलं त चव कळत नाही."

"मंग आत्ता तू काऊन गिळली?"

थुंकायला म्हणून रेवतीनं वाटी काढून ठेवली होती. ती कोरडीच होती. एखादं शास्त्रीय कारण सांगता आलं असतं, आणि आईनं ते मानलंही असतं.

"मले आवडते का, ते पाह्याचं होतं."

"आवडली?"

"अजून त नाही."

शारदाबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट पिळलं. "कळवून टाक नाशिकवाल्याइले, येतो म्हणून. अन् आवडू लागली त पयले मले सांगजो. दुसऱ्याकडून कळू देऊ नोको."