दीक्षाची निगेटिव्ह

“पुन्हा सपाटच आला,” रविंद्र पुटपुटला. बादलीतल्या कागदावर त्याच्या लेकीचा, दीक्षाचा, चेहरा उमटला होता खरा. पण नाक, गाल, हनुवटी सगळं एकाच फिक्या निळ्या रंगात बुडून गेलं होतं. प्रिंटरमधून पारदर्शक शीटवर काढलेली निगेटिव्ह कमी पडत होती. शाई पुरेशी दाट नसली की नागपूरचं ऊन तिला जुमानत नाही. जिथे पांढरं राहायचं तिथेही कागद निळा होतो.

हे त्याला दीक्षानेच शिकवलं होतं. कॉलेजात ती ही निळी छपाई शिकली आणि मग गच्चीवर तिचा तोच उद्योग सुरू झाला. रसायनांचा मसाला लावून वाळवलेला कागद, त्यावर निगेटिव्ह, वर काच, की ठेवलं उन्हात. “बाबा, कम्प्युटरवर मस्त दिसते म्हणून खुश नका होऊ. उन्हाले काय दिसते ते पाहा,” ती म्हणायची. गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. दवाखान्यात पायी चालत गेलेली पोर परत आली ती चादरीत.

पाचपावलीत रविंद्रचा फोटो स्टुडिओ होता. वस्तीत कुणी गेलं की घरचे लोक आधार कार्डावरचा फोटो घेऊन त्याच्याकडेच येत. तो फोटो मोठा करायचा, मागचा पडदा बदलायचा, फ्रेम करून द्यायचा. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र लेकीचा फोटो नव्हता. त्याच्या बायकोने, कौसल्याने, लावूच दिला नव्हता.

“तुमच्या दुकानातल्यासारखा फोटो मले नाही पाहिजे,” ती म्हणाली होती. “त्याले हार घातला का संपली माही पोरगी.”

म्हणून हा खटाटोप. दीक्षाच्या हातचा नाही, तर निदान तिच्या रीतीचा. भीमजयंतीला मोबाईलवर काढलेला तिचा हसरा फोटो त्याने पुन्हा कम्प्युटरवर उघडला, शाई वाढवली आणि नवी शीट काढून खिडकीच्या उजेडात धरली.

भांडी घासता घासता कौसल्या उठून आली. “काय करून राहिले जी सकाळपासून?”

“दीक्षा हाये.”

ती जवळ आली. शीटवर चेहरा काळाभोर होता आणि त्याभोवती शुभ्र केस.

“केस काहून पांढरे झाले हिचे?”

“निगेटिव्ह हाये वं. उलटं दिसते. कागदावर बरोबर येते.”

कौसल्या हळूच म्हणाली, “म्हातारपणी अशी दिसली असती का जी?” आणि तिने लेकीच्या गालावरून बोट फिरवलं.

“अवं, हात ओला...” रविंद्र म्हणेपर्यंत शाई निघाली होती. ती आपल्या काळ्या बोटाकडे पाहत राहिली.

“बिघडवलं का मी?”

“नाही,” रविंद्र म्हणाला. दुसरी शीट काढायला कितीसा वेळ लागला असता! पण त्याने तीच उचलली आणि गच्चीचा जिना चढला.

मागून पावलं वाजली. दीक्षा गेल्यापासून कौसल्या गच्चीवर आली नव्हती. त्याने कागदावर निगेटिव्ह ठेवली, वर काच दाबली. आपली सावली पडू नये म्हणून ती कठड्याशी सरकून उभी राहिली. कागदाचा हिरवट रंग करडा झाला, तेव्हा त्याने तो उचलून बादलीतल्या पाण्यात सोडला.

पिवळं पाणी निघून गेलं आणि दीक्षा वर आली. नाक आलं, ओठ आले, एका बाजूने जास्त हसायची ती खोडसुद्धा आली. गालावर मात्र बोटाएवढा गर्द निळा डाग होता.

“दुसरा काढतो,” तो म्हणाला. “हा डाग...”

“राहू द्या.” कौसल्या बादलीवर वाकली होती. “लहानपणी तीट लावली का लगेच पुसून टाके. एक दिवस गालावर राहू देल्ली नाही.”

रविंद्रने कागद दोरीवर चिमट्याने लावला. त्याच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकू लागलं. कौसल्याने त्याखाली ओंजळ धरली आणि ठिबकणं थांबेपर्यंत ती तिथून हलली नाही.