सुटली काय ड्युटी

कोराडीच्या वसाहतीत नोकरी कोणी करतच नसे, सारे ड्युटी करत. ड्युटी लागायची, ड्युटी बदलायची, ड्युटी सुटायची. पोराचं बारसं ठरवायचं तरी आधी बापाची ड्युटी विचारायची, आणि "ते ड्युटीवर गेले" एवढं सांगितलं की आलेला पाहुणा निमूट चहा पिऊन उठायचा. शब्द साहेबांच्या भाषेतला खरा, पण वसाहतीतल्या बाया तो मीठ-मिरचीसारखा वापरत. रुपराव चौतीस वर्षं वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. घरी येऊन त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, की सिंधूताई ओट्यापाशी पाठमोऱ्याच विचारायच्या, "सुटली काय ड्युटी?" रुपराव म्हणायचे, "सुटली." मग चहाचं आधण चढायचं. एवढ्या वर्षांत त्या सवालजवाबातलं अक्षर बदललं नाही.

आता रुपराव निवृत्त होऊन हुडकेश्वरला मुलाकडे, दुर्गेशकडे राहत होते. आठ महिन्यांपूर्वी सिंधूताईंची उजवी बाजू लकव्यानं गेली. जीभही जड झाली, दिवसातून दोन-चार शब्द कसेबसे निघत. तिला दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी रुपरावांनी बाजारातून निळ्या पुठ्ठ्याचं लांबलचक रजिस्टर आणलं आणि ड्युटी लावून घेतली. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीवर कुठं लाली आली का ते बघायचं, पाणी किती प्याली ते लिहायचं, पुढं वेळ टाकून सही. पाठीला एक फोड आला नाही, डॉक्टरसुद्धा चकित. पण घड्याळ, रजिस्टर आणि पाठ यांतून बायकोच्या तोंडाकडे बघायला या माणसाला फुरसत कुठली! जीव नव्हता असं कोण म्हणेल? जीव ओतून करत होते. फक्त तिच्याजवळ नुसतं बसणं त्यांच्याकडून होत नव्हतं.

तिला उचलून उचलून रुपरावांचा जुना हर्निया वाढला. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, ऑपरेशन करून टाका. तीन दिवस दवाखान्यात, पुढं तीन महिने वजन उचलायचं नाही. रुपरावांनी दोन तारखा मोडल्या. दुर्गेश चिडला, रडकुंडीला आला, पण म्हातारा हलेना. बदली माणूस येऊन हातात ड्युटी घेत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही, हा कोराडीचा नियम. एकदा तर बदली आला नाही म्हणून ते अंगात ताप घेऊन सोळा तास बसले होते.

बदली शोधला नाही असंही नाही. एक आया ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी बाराला रुपरावांनी रजिस्टर उघडलं, तर संध्याकाळी सहापर्यंतच्या नोंदी भरून तयार! मीटर न बघता आकडे भरून ठेवणाऱ्यांना त्यांनी प्लांटमध्ये कधी माफ केलं नव्हतं. बाईंना त्यांनी हात जोडले आणि घरी पाठवलं.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या तेव्हा सून पुढं आली. श्वेता सक्करदऱ्याला शाळेत शिकवायची, महिनाभर मोकळी होती. तिनं सासऱ्याला सांगितलं, एक दिवस मला द्या, घराबाहेर जा, नाही जमलं तर पुन्हा नाव काढणार नाही. रुपराव सकाळी नाइलाजानं रामाजीकडे गेले. हा त्यांचा प्लांटमधला सोबती. त्याच्या कूलरसमोर बसून त्यांनी दिवसभर घड्याळ बघितलं आणि साडेपाचला घर गाठलं.

चपला न काढताच रजिस्टर उघडलं. आठ, दहा, बारा, दोन, सारं नीट. चारच्या ओळीत लिहिलं होतं: 'कूस बदलायची राहिली. मला झोप लागली. चार चाळीसला बदलली. कंबरेवर लाली होती. पाच दहाला पुन्हा पाहिलं, लाली गेली. श्वेता.'

रुपरावांनी ते तीनदा वाचलं. दुर्गेश बायकोची बाजू सावरायला लागला, की चाळीस मिनिटांत काय होते बाबा, गरमी किती आहे. रुपरावांनी हातानंच त्याला थांबवलं. श्वेता दारात उभी होती, डोळे भरलेले, आता बोलणी बसणार म्हणून तयार.

"हे काहून लिहिलं तू?" रुपराव म्हणाले. "नसतं लिहिलं तर मले कोन सांगणार होतं?"

"आईले माहीत होतं ना, बाबा," श्वेता म्हणाली. "त्या जाग्या होत्या."

रुपराव रजिस्टर घेऊन खुर्चीवर बसले. चूक करणारे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते, स्वतःही केल्या होत्या. चूक आपल्या हातानं लिहून खाली सही करणारे मोजके, आणि त्यांच्याच भरवशावर ते घरी जाऊन झोपत. थोड्या वेळानं त्यांनी दुर्गेशला हाक मारली आणि डॉक्टरकडून परवाची तारीख घ्यायला सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांनी श्वेताला रीतसर ड्युटी दिली. गोळ्यांचं सांगितलं, उशांचं सांगितलं. मग रजिस्टरात नसलेलंही सांगितलं: चहानंतर तिला रेडिओ लागतो, आणि बेडपॅन मागायची लाज वाटते म्हणून ती पाणीच नको म्हणते, तेव्हा पाजताना आपण खिडकीकडे बघायचं, म्हणजे पिते. "ड्युटी घेतली, बाबा," श्वेता म्हणाली. दोघांच्या सह्या झाल्या. तरी रुपराव पलंगापाशी घुटमळतच होते, शेवटी सिंधूताईंनी डावा हात उचलून त्यांना दार दाखवलं.

चौथ्या दिवशी दुपारी रिक्षा दाराशी लागली. पोटाला हात धरून रुपराव हळूहळू आत आले, चपला काढल्या. रजिस्टर टेबलावर होतं, पण त्यांनी त्याला हात लावला नाही. ते सरळ पलंगाजवळ जाऊन बायकोसमोर बसले. सिंधूताईंनी त्यांच्याकडे बघितलं. ओठ वाकडे झाले, जीभ अडली, पुन्हा अडली.

"सु... सुटली... ड्युटी?"

आठ महिने ड्युटी घरातच होती, सुटतच नव्हती, तर हे विचारणार कोण आणि कोणाला! रुपराव रडले. सुनेसमोर, पोरासमोर, चांगले हुंदके देऊन रडले.

"सुटली वं," ते म्हणाले.

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला. चार वाजता श्वेता आली, तिनं सासूची कूस बदलली, रजिस्टर भरलं. रुपरावांना पलीकडच्या बाजूला जाऊन बसावं लागलं, तेवढंच. ओट्यावर दुर्गेशनं चहाचं आधण ठेवलं होतं.