चहा, चहा, मुक्काम

आसारामांच्या तेराव्याला जेवढी पानं उठली, जवळजवळ तेवढ्या वेळा स्वप्नाला एकच वाक्य ऐकायला मिळालं. "काही लागलं तर हक्कानं सांग." बोलणाऱ्याचा एक हात तिच्या डोक्यावर असायचा आणि पाय आपल्या चपला चाचपत असायचे. स्वप्ना पुण्यात एका कॉलेजात ग्रंथपाल होती. ठेवायला दिलेलं जपायचं आणि वेळ आली की काढायचं, हीच तिची नोकरी. वडील जाऊन दोन महिने झाल्यावर, मार्गशीर्षात, तिनं ते वाक्य काढलं.

लागत होतं ते एवढंच: एका कुत्र्याला घर.

कुत्र्याचं नाव साहेब. आसाराम जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं व्रणोपचारक होते. म्हणजे जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे, आणि डॉक्टर जागेवर नसतील त्या दिवशी, म्हणजे बहुतेक दिवशी, डॉक्टर. हयात साहेब, साहेब म्हणण्यात गेलेली. आपल्यालाही कधीतरी एखाद्या साहेबाला 'बस' म्हणता यावं, एवढ्यासाठी निवृत्तीनंतर त्यांनी हे तांबडं, एका कानाचं टोक फाटलेलं पिल्लू पाळलं. साहेब बसायचा मात्र नाही. नावाचा गुण लागला होता.

आसारामांनी दुसरी एक गोष्ट केली, ती म्हणजे गाडी. एका शाळेनं काढून टाकलेली पिवळी गाडी त्यांनी आणली, सीटा उपटल्या, फळ्यांचा पलंग ठोकला, गॅसची शेगडी बसवली, पाण्याच्या टाकीला तोटी लावली आणि खिडकीजवळ साहेबाला गादी केली. गादी पलंगापेक्षा मऊ होती. या फिरत्या घरातून ते जग बघणार होते. जग म्हणजे बीड जिल्हा, आणि त्यातलेही तीन मित्र. स्टिअरिंगशेजारी कागद चिकटवून तयार होता:

तेलगाव, अंगद – चहा.
बीड, सर – चहा.
शिरूर, तात्याबा – मुक्काम.

गाडीची पहिली सफर पेट्रोल पंपापर्यंत झाली. दुसरी झालीच नाही.

आता शेजारच्या केसरबाई, ज्यांनी दोन महिने साहेबाला भाकरी घातली, लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. गाडी सोमवारी सत्यम नावाच्या गृहस्थाच्या ताब्यात द्यायची होती. तो तिच्यात चायनीजचं दुकान थाटणार होता. आणि पुण्यात स्वप्नाच्या सोसायटीत भाडेकरूंना कुत्रा पाळायला मनाई होती. तसा फलक होता. फलकाखाली अध्यक्षांचा कुत्रा बसायचा.

शुक्रवारी सकाळी तिनं वडिलांचं गाव, केज, सोडलं. धारूरचा घाट उतरून चहा करायला गाडी थांबवली तर दोन म्हातारे आणि एक बाई दाराशी रांग लावून उभी राहिली.

"डोळे तपासायचे पैशे घेता का फुकट हाय?"

"ही डोळ्यांची गाडी नाही, बाबा."

"मंग आधारची?"

"कशाचीच नाही. मी आणि कुत्रा फिरतोय."

म्हाताऱ्यानं गाडीकडं, तिच्याकडं, कुत्र्याकडं क्रमानं पाहिलं. "सरकारनं काय काय योजना काढल्यात," तो बाईला म्हणाला आणि रांग मोडली.

तेलगावात उसाच्या ट्रॅक्टरांमागून रांगत रांगत ती अंगदरावांच्या दारात पोचली. ती पायरीवरून उतरते न उतरते तोच विजयमालाकाकूंनी तिच्या गळ्यात हात टाकून हंबरडा फोडला. "असं कसं गं झालं माज्या भावाचं! देवमाणूस गं! कसं व्हावं गं लेकराचं..." आणि त्याच सुरात, एक पट्टीही न उतरवता, "चावतं का गं ते?"

"नाही, काकू."

स्वप्नाला रडू आलं नाही. ते काकूंनी पाहिलं, आणि ते गल्लीत सांगितलं जाईल हे स्वप्नानंही पाहिलं. पुस्तकांत माणसं कशी शोक करतात ते तिला तपशिलानं माहीत होतं. स्वतःच्या वेळी त्यातलं एकही पान सापडेना.

चहा झाला. अंगदरावांनी आसारामांच्या चार आठवणी सांगितल्या. चारही अंगदरावांच्याच बैलांबद्दल होत्या. मग स्वप्ना म्हणाली, "काका, तुम्ही म्हणाला होतात, हक्कानं सांग. म्हणून आले. साहेबाला ठेवून घ्याल? फार शहाणा आहे. काहीही खातो, कुठंही झोपतो."

अंगदरावांनी बशी खाली ठेवली. "आगं, हे काय इचारणं झालं? तू जीव माग. पण ह्यो..." त्यांनी मान फिरवून अंगणाच्या कोपऱ्याकडं पाहिलं. "आमच्याकडं आदीच दोन हायती. लई कडू जात. ह्याला फाडून ठिवतेल. मी तुज्या कुत्र्याच्या काळजीनंच बोलतोय बघ."

कोपऱ्यातली कडू जातीची दोन कुत्री शेपट्या हलवत साहेबाचं पाणी पीत होती.

मोकळ्या हातानं मात्र त्यांनी तिला जाऊ दिलं नाही. दुखवट्याचा आहेर म्हणून काकूंनी साडी नेसायला लावली, वर टॉवेल आणि टोपी दिली.

"टोपी कुणाला, काकू? घरात आता पुरुष कुणी नाही."

काकूंनी टोपी तिच्या हातात कोंबली. "असू दे गं. रीत हाय. लागंल कवातरी." मग अर्धं पोतं भुईमुगाच्या शेंगा, उसाची मोळी आणि एक भोपळा गाडीत चढला. गाडी सुरू झाल्यावर अंगदराव खिडकीशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "काई लागलं तर हक्कानं सांग."

रात्र वडवणीजवळ पंपावर गाडीत काढून ती शनिवारी बीडला पोचली. आदिनाथ सर हे आसारामांचे जुने वरिष्ठ, जनावरांचे डॉक्टर. नवीन बंगला, आणि बंगल्यात इतकी गुळगुळीत फरशी की साहेबाचे चारी पाय चार दिशांना गेले.

"साहेब, बस खाली," स्वप्ना दटावून म्हणाली.

आदिनाथ सर बसले. मग त्यांना कळलं आणि ते सोफ्याची उशी नीट करायला म्हणून पुन्हा उठले.

"आसाराम माझा उजवा हात होता," ते म्हणाले. हे खरं होतं. डाव्या हातानं ते सही करायचे.

या खेपेला स्वप्नानं विचारलं ते जरा वेगळ्या शब्दांत. "शहाणा आहे तसा. रात्री थोडा भुंकतो. पण तुम्ही स्वतः डॉक्टर आहात, म्हणून वाटलं..."

"डॉक्टर आहे म्हणूनच सांगतो, बेटा." सरांनी चष्मा काढला. "या वयात कुत्र्याचं घर बदलणं शास्त्राला धरून नाही. त्याच्या मनावर परिणाम होतो. त्याचं भावविश्व तू आहेस. मी त्याला ठेवून घेतलं, तर तो माझ्याकडून अन्याय होईल. त्याच्यावर."

ज्याच्यावर अन्याय होणार होता तो त्या वेळी बाहेर सरांच्या कुंडीतली तुळस उकरत होता. सरांच्या पत्नींना ते खिडकीतून दिसलं आणि शास्त्रीय चर्चा आटोपती घ्यावी लागली. आहेर इथंही तयार होता. साडी, टॉवेल, टोपी. सरांनी साहेबाला जंताच्या चार गोळ्या दिल्या, ज्यांची मुदत गेल्या दिवाळीत संपली होती. फाटकाशी ते गहिवरून म्हणाले, "काही लागलं तर..."

"हक्कानं सांगेन," स्वप्ना म्हणाली.

आता गाडीत दोन साड्या, दोन टोप्या, दोन टॉवेल, शेंगा, ऊस, भोपळा आणि साहेब. लोकांची माया मोजायची तर जागा अपुरी पडत होती. उरला एक तात्याबा. तो मेंढपाळ. तेराव्याला आला नव्हता, फोन केला नाही, निरोप धाडला नाही. 'हक्कानं सांग' असं न म्हटलेला तोच एक. त्याच्याकडं जाण्यात काही अर्थ नव्हता. पण सोमवार परवावर आला होता आणि कागदावर ओळ उरली होती.

शिरूर कासारची निम्मी घरं कुलूपबंद होती. माणसं ऊस तोडायला गेलेली. गावाबाहेरच्या पडीक माळावर जाळीचं कुंपण, त्यात मेंढरं, बाजूला दोन घोडी आणि अर्धवट बांधलेलं बिऱ्हाड दिसलं. तात्याबा दोरखंड वळत होता. उठला नाही. गाडी पाहून म्हणाला, "आसारामची ना ही? सांगत हुता."

"हो. मी त्यांची मुलगी."

"वळखलं. नाक त्येचंच हाय." मग बायकोला हाक मारली. "अंजना, भाकरी दोन जादा टाक. आसारामची पोर आली."

अंजनाबाई गळ्यात पडल्या नाहीत. पिठाच्या हातानं गाडीत डोकावून त्यांनी पलंग पाहिला, शेगडी पाहिली, तोटी उघडून पाणी येतं का ते पाहिलं. "ह्येच्यात ऱ्हाता व्हय? झ्याक हाय की. पर घर फिरवायला एवढं त्याल जाळायचं?" त्यांनी मानेनं घोड्यांकडं दाखवलं. "आमचं बघा. गवतावर पळतं."

तात्याबा म्हणाला, "तेराव्याला आलो न्हाई. मेंढरं कुणाच्या गळ्यात घालू? टाकून आलो असतो तर आसारामनंच वरून शिव्या घातल्या असत्या."

दोन महिन्यांत वडिलांबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य, जे वडिलांना ओळखणाऱ्या माणसाचं होतं. स्वप्ना दगडावर बसली. साहेब तेवढ्यात कुंपणाभोवती दोन फेऱ्या घालून, एका म्हाताऱ्या मेंढीकडून ढुशी खाऊन, तिच्याच शेजारी आडवा झाला होता.

"मामा, या कुत्र्याला कुणी ठेवून..."

"ठीव की."

तिनं तयारी केली होती ती नकाराची. "अहो, पण तो रात्री भुंकतो."

"कुत्रंच हाय न्हवं?"

"चपला खातो."

"आमाला कुटं लई हायती?"

"भाकरी कोरडी खात नाही. वडील दुधात कुस्करून द्यायचे. सांगितलेलं ऐकत नाही. पावसाला भितो. गाडीत बसायची सवय आहे, चालणं जमेल की नाही..."

तव्यावरची भाकरी उलटता उलटता अंजनाबाई हसायला लागल्या. "आगं बाई, कुत्रं द्यायला आलीस का माघारी न्यायला?"

स्वप्नानं मनात हिशेब लावला. तेलगावात साहेब शहाणा होता. बीडमध्ये तसा शहाणा होता. चाळीस किलोमीटरांत त्याच्यात एवढे अवगुण कुठून शिरले, याचा तिला उलगडा होईना. की होत होता, म्हणून ती जमिनीकडं बघत राहिली.

तात्याबानं दोरखंडाची गाठ मारली. "हे बघ, पोरी. परवा आमी गंगथडीला, गोदेच्या काठाला, निघतो. जनावर संगं चालंल, मेंढरात ऱ्हाईल, आनंदात ऱ्हाईल. पर माजी एक अट हाय. त्येची गोचडं मी काढायचा न्हाई. माज्या कुत्र्यांचीबी आसारामच काढायचा. आयतवारी यायचा, हितं ह्या दगडावर बसायचा, मांडीवर घेऊन दिवसभर काढायचा. माजी बोटं ऱ्हायली न्हाईत तसल्या कामाला. म्हैन्यातनं एक डाव तुला यावं लागंल."

"गंगथडीला? कुठं?"

"आज ह्या गावच्या रानात, उंद्या त्या. फोन कर, सांगतो."

"आणि राहायचं कुठं?"

तात्याबानं गाडीकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी आसाराम लहानपणी गणित चुकल्यावर तिच्यावर टाकायचे.

भाकरी झाल्यावर, ऊन असेतोवर, अंजनाबाईंनी तिला शिकवलं. गोचीड ओढायचं नाही, तोंड आत राहतं. बोटावर जरा तेल घ्यायचं, मुळाशी धरायचं, सरळ उचलायचं. मांडीवर पसरायला कापड हवं होतं. अंगदरावांचा दुखवट्याचा टॉवेल पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आला. साहेब तिच्या मांडीवर फाटका कान टाकून पडला होता. स्वप्नानं बावीस गोचीड काढले. वडिलांनी या दगडावर बसून किती काढले असतील, आणि तिनं फोनवर "रविवारी काय करता हो?" असं विचारलं की "काही नाही, बसलोय" असं का सांगितलं असेल, हे तिनं कुणालाही विचारलं नाही. मुक्काम म्हणजे लांबचा पल्ला, असं तिनं कागदावरून समजून घेतलं होतं. वाचनाची एवढी सवय असून तीन ओळींचा अर्थ लागला नव्हता.

रात्री गाडीत ती एकटी झोपली. गादी रिकामी होती.

सकाळी इंजिनाचा आवाज झाला तसा साहेब मेंढरांतून बाहेर आला. पुढचे दोन पाय पायरीवर टेकवून त्यानं ड्रायव्हरची सीट हुंगली. सीटवर ती होती. आसाराम नव्हते, हे त्यानं दोन महिन्यांच्या रिवाजाप्रमाणे आणखी एकदा तपासून घेतलं, पाय खाली घेतले आणि माघारी गेला. ढुशी देणाऱ्या मेंढीपासून थोडं अंतर राखून बसला. न सांगता बसला. निरोपाचं काही बोलला नाही, हक्काचंही नाही.

भोपळा आणि शेंगा अंजनाबाईंनी ठेवून घेतल्या. तात्याबानं दोन्ही टोप्या उलटसुलट करून पाहिल्या, एक घातली, दुसरी बिऱ्हाडात टाकली. "नवी हाय. आसारामला शोभली नसती," एवढंच म्हणाला.

शिरूर मागं टाकून बीडच्या रस्त्याला लागल्यावर स्वप्नाला गाडी बाजूला घ्यावी लागली. समोरचं दिसत नव्हतं. काचेवर धुरळा असणार, असं तिनं ठरवलं. सरांचा टॉवेल काढून काच पुसली, मग चष्मा पुसला. तरी दिसेना. मग तिनं तो टॉवेल तोंडावर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. शेजारून उसाचे दोन ट्रॅक्टर गेले. तिच्या गळ्यात पडायला तिथं कुणी नव्हतं, त्यामुळे सगळं नीट पार पडलं.

तेवढ्यात फोन वाजला. सत्यम.

"ताई, उद्याचं पक्कं ना? पेंटरला सांगून ठिवलंय. पिवळ्यावर लाल काढतोय."

"गाडी द्यायची नाही ठरलं. माफ करा."

"आँ? कावून?"

स्वप्नानं नाक पुसलं. "दर महिन्याला गोचीड काढायला जायचंय."

 अगदी हळू, जपून, आजारी माणसाशी बोलावं तसा सत्यम म्हणाला, "लई वाईट झालं बघा, ताई. बाप गेल्यावर होतं असं मानसाचं. काई लागलं तर... हक्कानं सांगा."

"सांगते," स्वप्ना म्हणाली. "गंगथडीकडचे रस्ते माहीत आहेत का तुम्हाला?"