दार नसलेल्या केबिनबाहेर

मित्रांनो, तुम्ही जिना चढून वर आलात तर मी तुम्हाला दिसणारच नाही. दिसेल ती एक भली मोठी कुंडी आणि तिच्यातलं रुंद पानांचं झाड. त्या कुंडीखाली चार पायांवर जे बुटकं लाकूड तग धरून आहे, तो मी. पाव-बिस्किटांच्या या कारखान्यातलं सगळ्यात जुनं स्टूल. मालकीणबाईंच्या केबिनबाहेर गेली सहा वर्षं मी हे ओझं डोक्यावर घेऊन उभा आहे. झाडाला रोज पाणी मिळतं आणि त्यातलं निम्मं माझ्या अंगावर गळतं. झाड माझ्याशी बोलत नाही. ते माझ्यापेक्षाही घुमं आहे.

माझा जन्म एका फसलेल्या कामातून झाला. पीठ मळायच्या टेबलाची एक फळी मोडली होती. तिच्यातून सुताराने मला घडवलं, पण माझा एक पाय डुगडुगायचा. त्याने उरलेले तीन थोडे कापले, तर चौथा लांब झाला. मग चौथा कापला, तर दुसराच डुगडुगू लागला. असं करत करत मी सपाट झालो खरा, पण उंचीने चांगलाच वीतभर कमी भरलो. सुतार ओशाळून म्हणाला, "दुसरं करून देतो, बाई." त्या वेळच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या माझ्यावर बसून बघत म्हणाल्या, "राहू दे. इथून माणसांची तोंडं बरी दिसतात."

त्या दिवसापासून माझं भाग्य उजळलं. सकाळचा पहिला पाव भट्टीतून बाहेर पडला की मोठ्या बाई मला काखोटीला मारायच्या आणि कारखान्यात उतरायच्या. रोज एकाच माणसाकडे. कधी कणीक मळणाऱ्या मळणीवाल्याजवळ, कधी पॅकिंगच्या ताईंजवळ, कधी भट्टीवाल्या काकांजवळ. मला त्याच्या शेजारी टेकवायचं, त्याच्यापेक्षा खाली बसायचं, हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि दहा मिनिटं गप्प राहायचं. समोरचा बोलेपर्यंत बाई अवाक्षर काढत नसत. नव्या माणसाला त्याने घाम फुटायचा. जुनी माणसं मात्र काम न थांबवता बोलत सुटायची.

एकदा पाव रोज बसकेच निघायला लागले. यीस्ट बदलली, पीठ बदललं, दोघांना बोलणी बसली, तरी पाव काही फुगेना. चौथ्या दिवशी बाई मला घेऊन मळणीवाल्याशेजारी बसल्या. सहा मिनिटं तो नुसता कणकेला बुकलत होता. सातव्या मिनिटाला म्हणाला, "बाई, ते भिंतीवरचं घड्याळ तासाला दहा मिनिटं पुढे पळतंय. कणीक फुगायच्या आतच भट्टीत जातेय."

"हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच."

"मग सांगितलं का नाही?"

तो खाली बघून म्हणाला, "घड्याळ तुम्ही आणलेलं ना!"

बाई इतक्या हसल्या की मी खाली करकरलो. घड्याळ त्याच दुपारी उतरवलं गेलं. मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, हे आज कबूल करतो.

मग मोठ्या बाईंचे गुडघे गेले, आणि पुढे त्याही गेल्या. कारखाना त्यांच्या लेकीकडे आला. ही धाकटी बाई मनाने वाईट आहे असं चुकूनही समजू नका. तिने माणसं कशी सांभाळावीत याचं शिक्षण घेतलं होतं आणि ती ते मनापासून करू पाहत होती. पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांना जमवून सांगितलं, "काहीही अडचण असो, सरळ माझ्याकडे या. माझं दार तुम्हाला कधी बंद दिसणार नाही." आणि नुसतं बोलून ती थांबली नाही. सुताराला बोलावून केबिनचं दारच काढून टाकलं, बिजागऱ्यांसकट!

पण खालच्या यंत्रांची घरघर वर यायची, म्हणून त्याच आठवड्यात केबिनभर गालिचा अंथरला गेला. दुधासारखा पांढरा. खालच्या माणसांच्या बुटांना सदा पीठ, तूप आणि राख लागलेली. दार नव्हतं, पण उंबऱ्यापाशी तो गालिचा होता, आणि त्याच्यावर पाय ठेवणं प्रत्येकाच्या जिवावर यायचं. महिने गेले, वर्षं गेली, कोणी आत आलं नाही. धाकटी बाई पाहुण्यांना अभिमानाने सांगायची, "आमच्याकडे तक्रारच नसते." मी बाहेर कुंडीखाली हे ऐकायचो. बसायला कोणी नसलेलं स्टूल म्हणजे काय असतं, ते मला तेव्हा कळायला लागलं.

मागच्या हिवाळ्यात भट्टीवाले काका वर आले. सत्तावीस वर्षं भट्टी त्यांच्याच हातात होती. ते उंबऱ्याशी आले, गालिच्याकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं आणि आल्या पावली परत फिरले. दोन दिवसांनी पुन्हा आले. या वेळी त्यांनी बूट काढले, तर मोज्याला अंगठ्यापाशी भोक. घाईघाईने बूट चढवून ते खाली गेले.

तिसऱ्यांदा आले ते थकलेले होते. धाकटी बाई फोनवर बोलत होती. काकांनी दोन्ही हातांनी कुंडी उचलून जमिनीवर ठेवली आणि ते माझ्यावर बसले. मित्रांनो, सहा वर्षांनी माझ्यावर माणूस बसला! मला भरून आलं. मग काका पुटपुटू लागले. आत गेल्यावर काय बोलायचं, त्याची ते तयारी करत होते.

"बाई, मला सहाऐवजी आठला येऊ द्याल का? बायकोला दिसेनासं झालंय. पावणेआठला तिची बहीण येते, पण तोवर ती घरात एकटी. परवा चहा करायला गेली आणि हात भाजून घेतला. मी संध्याकाळी दोन तास जास्त थांबेन, पण..."

या 'पण'पाशी ते अडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. चार वेळा त्यांनी ते म्हटलं. मला पाठ झालं.

तेवढ्यात धाकटी बाई बाहेर आली. फोन अजून कानालाच होता. काकांना पाहून ती थांबली. "अरे, काका! काही काम होतं का?"

काका ताडकन उठले. "नाही, नाही. जिना चढून पाय भरून आले, म्हणून टेकलो."

"मग बसा ना. आरामात बसा," ती मायेने म्हणाली आणि बोलत बोलत जिना उतरून गेली.

काकांनी कुंडी उचलून पुन्हा माझ्यावर ठेवली. ती सरळ आहे ना, हेही पाहिलं. महिनाअखेरीस त्यांनी राजीनामा दिला. कारण एकाच शब्दाचं होतं: घरगुती.

ते गेल्यावर आठवडाभराने पॅकिंगच्या ताई कागदांवर सही घ्यायला आल्या. त्या उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून कागद देत होत्या. धाकटी बाई उठून उंबऱ्यापर्यंत आली आणि सही करता करता म्हणाली, "ताई, काका असे अचानक का हो गेले? मी कुठे कमी पडले का?"

ताईंनी कागद परत घेतले. मग म्हणाल्या, "त्यांना फक्त दोन तास उशिरा यायचं होतं. घराजवळच्या बेकरीत लागलेत आता. तिथे पहिल्याच दिवशी मालकाने विचारलं म्हणे, घरी कसं काय आहे?"

"एवढंच? मला सांगायचं ना! मी नाही म्हटलं असतं का?"

"आले होते बाई. तीनदा."

ताई गेल्या. धाकटी बाई उंबरा ओलांडून बाहेर आली. मग तिने कुंडी खाली ठेवली आणि ती माझ्यावर बसली. मी इतका बुटका, की तिचे गुडघे छातीशी आले. तिथून तिने आपल्या केबिनमध्ये पाहिलं. पांढऱ्या गालिच्यावर एकाच माणसाच्या चपलांची वाट पडली होती. टेबलापासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यापासून टेबलापर्यंत. तिची स्वतःची.

"काय सांगायचं होतं, काका?" ती हळूच म्हणाली.

मला शब्दन् शब्द ठाऊक होता. त्या 'पण'पर्यंतचा. पण लाकडाला बोलता येत नाही, आणि ज्याला येत होतं तो निघून गेला होता.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी वर्ग सांभाळेल, कोणी दुकान, कोणी मोठा कारखाना. माझ्यासारख्या जुन्या स्टुलाची तेव्हा आठवण राहिली नाही तरी चालेल. फक्त एवढं करा. कोणी तुमच्या उंबऱ्याशी घुटमळताना दिसलं, तर त्याला "आत या" म्हणू नका. तुम्ही बाहेर या.