दुसऱ्या फेऱ्यातली गोळी

देयानिराने चमचाभर सूप तोंडात घेतलं आणि चुलीमागे थुंकलं. बटाट्याची चव लागेना, मिठाची लागेना. गंजलेली किल्ली चोखावी तसं काहीतरी. तिने अंदाजाने मूठभर मीठ टाकलं.

डोंगरातल्या तुकेर्रेस गावच्या बाजारात तिची खानावळ होती. पहिली वाटी ट्रकवाल्या सेगुंदोने घेतली.

"बाई गं, अख्खा समुद्र ओतलास की काय यात?"

लोक हसले. ती हसली नाही. गोळ्यांचा हा दुसरा फेरा; त्यांनीच तोंडाची चव गेली होती. पहिल्या फेऱ्यात पोटातले जंतू मेले नव्हते, तिची भूक तेवढी मेली होती. सकाळपासून मळमळत होतं. ती बटाट्यांच्या पोत्यावर बसली.

सासू रोसाउरा बटाटे सोलत होती. सून दवाखान्यात गेल्यापासून तिचं एकच पालुपद होतं, जंतू-बिंतू सगळं थोतांड. आमची अख्खी पिढी पोटात जळजळ घेऊनच म्हातारी झाली.

म्हातारी उठली. तिने पातेल्यात पाणी घातलं, चार बटाटे चिरून टाकले आणि सुनेचाच चमचा उचलला.

"आई, तो नको. मी तोंड लावलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, उष्ट्यातून जंतू लागतात."

रोसाउराने सूप चाखलं. "आता चालेल."

देयानिराने एप्रनच्या खिशातली गोळी काढून फळीवर ठेवली.

"मी आज घेणार नाही. उद्याही नाही. पुरे झालं. तुमचंच खरं."

ती वाट बघत बसली, आता सासू 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणणार. रोसाउराने हात पुसले, पेल्यात पाणी ओतलं आणि गोळी तिच्यापुढे धरली.

"घे."

"तुम्हीच म्हणता ना, थोतांड आहे म्हणून?"

"एलिसेओलाही मी हेच म्हणत होते."

एलिसेओ म्हणजे सासरा. पोटाच्या कॅन्सरने गेला; डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तो याच जंतूंनी होऊ शकतो. या घरात त्याचं नाव सहसा कुणी काढत नसे.

देयानिराने गोळी गिळली. ती उलटून पडू नये म्हणून डोळे मिटून घेतले. म्हातारी पेला हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

"तुझी ती डॉक्टरीण," ती म्हणाली, "म्हाताऱ्यांना तपासते का गं?"