कुटुंबप्रमुख हजर पाहिजे

भिंगरीच्या हृदयाला छिद्र आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिची आई रडली नाही. तिने फक्त विचारलं, "म्हणून ती जिना चढताना मध्येच बसते का?"

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले.

आईने मान हलवली. गेलं वर्षभर ती पोरीला आळशी म्हणत होती. 

रांगायला लागल्यापासून पोर एका जागी ठरायची नाही, म्हणून बापाने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. बाप रंगारी. उंच इमारतींना बाहेरून रंग देणारा. दोनेक वर्षांपूर्वी तो लांबच्या एका कामावर गेला आणि तिथल्याच एका पार्लरवालीकडे राहिला. भांडण नाही, तंटा नाही. एक दिवस येऊन कपडे घेऊन गेला, एवढंच. भिंगरीची आई कपड्यांच्या कारखान्यात शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे कापायची. दिवसभर उभ्याने. संध्याकाळी घरी आली की आधी भिंतीला पाय लावून पडायची आणि मग चुलीकडे वळायची.

"ऑपरेशन लवकर झालेलं बरं," डॉक्टर म्हणाले. "योजनेचं कार्ड असेल तर तुम्हाला काही द्यावं लागणार नाही. खाली मदत खिडकीवर विचारा."

मदत खिडकीवरच्या ताईंचा घसा बसलेला होता. सकाळपासून त्या एकच गोष्ट शंभरदा सांगत असाव्यात. त्यांनी नाव टाकलं, पडद्याकडे बघितलं.

"कार्ड आहे तुमचं. पण मुदत संपलीय. नवीन करायला कुटुंबप्रमुख हजर पाहिजे."

"मीच आहे की."

"इथे तुमचे मिस्टर आहेत."

"ते घरी नसतात."

"कामावर गेलेत का?"

"हो. दोन वर्षांपूर्वी."

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे चोळले आणि आवाज खाली आणला.

"मग नीट ऐका. त्यांनी येऊन सांगितलं की सगळे एकत्र राहतो, तर जुनंच कार्ड चालू होईल. पण मोठं ऑपरेशन असलं की घरी तपासायला माणूस येतो. खोटं निघालं तर कार्ड रद्द. मग पोरगी ऑपरेशनच्या दारात असली तरी. नाहीतर त्यांनी येऊन सांगायचं, मी वेगळा राहतो. मग तुमचं दोघींचं वेगळं कार्ड निघेल. तुमच्या नावावर."

"म्हणजे तो नाही, हे सांगायलासुद्धा तोच पाहिजे?"

"नियम मी केला असता, तर निदान माझ्या घशाला आराम पडला असता," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला हात केला.

फोन त्याने उचलला नाही. ती फोन करत राहिली, तो कट होत राहिला. शेवटी सुट्टीच्या दिवशी भिंगरीला शेजारच्या मावशींकडे ठेवून, दोन बस बदलून ती पार्लरवर गेली.

पार्लर म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. एक आरसा, एक खुर्ची, फरशीवर कापलेले केस. पार्लरवाली झाडत होती. तिने हिला कधी पाहिलेलं नव्हतं, तरी ओळखलं. झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "बसा ना, ताई."

बसायला गिऱ्हाइकाची ती एकच खुर्ची. भिंगरीची आई तिच्यात बसली, आणि समोर आरसा आला. आपण इतक्या काळवंडलोय हे तिला तेव्हा कळलं. मागे पार्लरवाली उभी होती. तीही काही फार ताजीतवानी दिसत नव्हती. दोघी आरशातच एकमेकींशी बोलल्या.

"मुलगी आजारी आहे," भिंगरीच्या आईने सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मग कार्डाचं आणि तपासायला येणाऱ्या माणसाचंही सांगितलं.

"मला बोलले नाहीत ते."

"त्यांनाही माहीत नाही. फोन उचलत नाहीत."

"माझा तरी कुठे उचलतात," पार्लरवाली म्हणाली. मग हे बोलायला नको होतं असं वाटून तिने झाडू पुन्हा हातात घेतला.

तो जेवायला आला तेव्हा त्याच्या कोपरांवर पांढरा रंग वाळलेला होता. आरशात दोघी दिसल्या तसा तो दारातच थबकला. पूर्वी ती त्याला 'अहो' म्हणायची. आता 'अहो' म्हणवेना आणि 'अरे' तोंडात येईना. म्हणून तिने हाक मारलीच नाही, थेट सांगायला सुरुवात केली.

तो स्टुलावर बसला. "छिद्र? केवढं?" त्याने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "भरता येतं ना?"

"येतं म्हणतात."

"येतो मी. कधी यायचं ते सांग." त्याचा आवाज चिरकला होता. पोरीवर त्याचा जीव होता, यात काही खोट नव्हती. जीव लावून झाल्यावर पुढे काय करायचं, ते तेवढं त्याला कधी जमलं नाही.

ठरल्या दिवशी तो आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. त्याच्या मागे पार्लरवालीही होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. हा मध्येच कुठे उतरून जाऊ नये म्हणून आली असावी. ती बाकाच्या टोकाला बसली. मध्ये तो, आणि या टोकाला भिंगरीची आई. दुपार होत आली तेव्हा त्यांचा नंबर लागला. ताईंच्या शेजारी आज एक साहेब बसले होते. जबाब तेच लिहून घेणार होते.

"कुटुंबप्रमुख तुम्ही?"

"हो."

"सगळे एकत्र राहता?"

त्याने वळून बघितलं. मागे रांग होती. रांगेत त्याच्याच वयाची माणसं होती, एक म्हातारे गृहस्थ होते.

"एकत्रच, साहेब. कामासाठी बाहेर असतो मी, तेवढंच."

ताईंनी भिंगरीच्या आईकडे बघितलं. तिने बोलायला हवं होतं. तिला ते कळतही होतं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, कारखान्यात खाडा झाला होता, आणि लिहायला टेकवलेलं साहेबांचं पेन तिला दिसत होतं. होऊ दे एकदाचं, तिच्या मनात आलं. एक सही आणि संपलं. पुढचं पुढे.

"नाही राहत," बाकावरून आवाज आला.

पार्लरवाली उठून उभी राहिली होती.

"तो माझ्याकडे राहतो."

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. साहेबांनी पेन उचललं. "तुम्ही कोण?"

"ते तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं, मला ठाऊक नाही."

"तू गप बस," रंगारी दातांतल्या दातांत म्हणाला.

"बसले असते गप. पण उद्या तपासायला माणूस आला म्हणजे? पोरीला आत नेता नेता परत आणायचं?" तिचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. "मला लाज वाटते ती वाटते. तू बोल आता."

रंगाऱ्याने साहेबांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे ओल येऊन रंगाला पोपडे धरले होते. 

"नाही राहत," तो पुटपुटला.

"मोठ्याने सांगा. लिहायचंय."

"मी यांच्यात राहत नाही."

दोन वर्षं भिंगरीच्या आईला हे माहीत होतं. गल्लीला माहीत होतं, शाळेला माहीत होतं. तरी ते वाक्य कानावर पडलं तेव्हा तिने खिडकीची कड घट्ट धरली. साहेब लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

"नव्या कार्डाचा कुटुंबप्रमुख कोण?"

सवयीने तिने नवऱ्याचंच नाव सांगितलं.

"आता तुमचं सांगायचं," ताई हळूच म्हणाल्या.

बाहेर नळावर पार्लरवाली तोंड धूत होती. रंगारी तिच्यासाठी थांबला नव्हता, सरळ रस्ता ओलांडून गेला होता. भिंगरीची आई नळाशी उभी राहिली. आभार मानायला आली होती.

"तुमचं आहे का कार्ड?" तिने विचारलं.

"कुठलं आलंय. लग्न नाही, म्हणून त्याच्या कार्डावर नाव चढत नाही. आणि आईच्या कार्डावरून भावाने काढलं."

"एकटीचंही निघत असेल. ताईंना विचारा ना."

"आज नको." तिने ओढणीने तोंड पुसलं. "आज सगळ्यांनी बघून घेतलंय मला." आणि ती एकटीच बसच्या थांब्याकडे चालू लागली.

कार्ड आलं. ऑपरेशन मात्र लगेच झालं नाही. आधी भिंगरीला ताप आला, मग डॉक्टर रजेवर गेले, मग कुठलंसं मशीन बंद पडलं. मधल्या काळात तपासायला माणूस खरंच आला. त्याने एकुलती एक खाट बघितली, दोरीवरचे कपडे बघितले, शेजारच्या मावशींना विचारलं. मावशींनी त्याला रंगाऱ्याची सगळी कहाणी मीठमसाला लावून ऐकवली. शेवटी तोच हात जोडून निघाला. कारखान्यात इतके खाडे झाले की तिच्या जागी दुसरी बाई लागली. बदल्यात तिला इस्त्रीच्या टेबलावर टाकलं. तिथे उभं राहायचं ते राहायचंच, वर वाफ.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन "व्यवस्थित झालं" म्हणाले, तेव्हा ती "बरं" म्हणाली. डॉक्टर थोडा वेळ थांबले, ती आणखी काही विचारेल म्हणून. 

चार लोकांच्या वॉर्डात भिंगरीला कोपऱ्यातली खाट मिळाली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी रंगारी आला. खाटेच्या कडेवर बसला, पोरीच्या केसांतून हात फिरवू लागला. भिंगरीला आता बोलायला दम पुरत होता, त्यामुळे तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पलीकडच्या खाटेवरची मुलगी घोरते, नर्सबाई डाव्या हाताने लिहितात, पप्पा तुम्ही किती उंचावर चढता?

आईने ते थोडा वेळ ऐकलं. त्याला काय काय सुनवायचं हे तिने ठरवून ठेवलं होतं. पण पोरीजवळ तेवढ्यापुरतं कुणीतरी बसलेलं होतं, आणि हीच संधी होती. ती उठून बाहेरच्या बाकावर गेली, पिशवी उशाला घेतली आणि आडवी झाली. डोळा कधी लागला तेही तिला कळलं नाही.

भेटायची वेळ संपली तेव्हा त्यानेच येऊन तिच्या खांद्याला हात लावला.

"निघतो मी. झोपलीय ती."

"उद्या येणार?"

"बघतो."

 तिने केस सारखे केले, पिशवी उचलली आणि आत जाऊन भिंगरीच्या खाटेशी बसली.